स्मार्ट बोर्ड घेताना: प्रोजेक्टरचा फळा की टच पॅनेल?

गोव्यातील एखाद्या प्राथमिक शाळेचा पालक-शिक्षक संघ ‘स्मार्ट बोर्ड’ घ्यायला निघतो, तेव्हा विक्रेते त्या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू दाखवतात. पहिली वस्तू म्हणजे इंटरॅक्टिव्ह व्हाइटबोर्ड. कॅनडातील स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९९१ साली बाजारात आणलेल्या या प्रकारात फळा फक्त स्पर्श किंवा पेन ओळखतो, चित्र प्रोजेक्टर पाडतो आणि धडा चालतो तो जोडलेल्या संगणकावर. दुसरी वस्तू म्हणजे इंटरॅक्टिव्ह फ्लॅट पॅनेल, म्हणजे साधारण ६५ ते ८६ इंचांचा टच पडदा, ज्याचे चित्र पडद्यातूनच उमटते आणि ज्यात बहुधा अँड्रॉइड प्रणालीही असते.

आपल्याकडे हा फरक सर्वांत आधी उजेडात जाणवतो. प्रोजेक्टरचे चित्र स्पष्ट दिसावे म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि जूनच्या दमट उकाड्यात पहिली-दुसरीच्या मुलांना बंद वर्गात बसवणे मला मुळीच पटत नाही. पॅनेल उघड्या खिडक्यांतही वाचता येते, मात्र त्याच्या काचेवर थेट ऊन पडणार नाही अशी भिंत निवडावी लागते. फळ्यासमोर ‘क’ गिरवणाऱ्या मुलाची सावली अक्षरावरच पडते. प्रोजेक्टर फळ्याच्या अगदी जवळ, वरच्या बाजूला बसवला तर ती बरीच कमी होते. प्रोजेक्टर जरा हलला तरी बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे असे होते, म्हणून ठिपक्यांना स्पर्श करून फळा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. एकच शिक्षिका दोन इयत्ता सांभाळत असेल, तर एवढा वेळही तिला परवडत नाही. शिवाय जुने अनेक फळे एका वेळी एकच स्पर्श ओळखतात; पॅनेलवर पेडणे आणि काणकोण हे तालुके नकाशात दोन मुले एकाच वेळी जागेवर सरकवू शकतात.

दुरुस्तीत मात्र जुन्या प्रकाराची बाजू वरचढ ठरते. प्रोजेक्टरचा दिवा गेला तर तेवढाच बदलता येतो, पॅनेलचा पडदा फुटला तर खर्च जवळजवळ नव्या पॅनेलइतका येतो. म्हणून चालू स्थितीतला फळा काढून टाकण्याची घाई करू नये. पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि तापलेला दिवा पंख्याविना तसाच राहून त्याचे आयुष्य घटते, त्यामुळे अशा शाळेने आधी यूपीएस घ्यावा. नवी खरेदी असेल तर पॅनेलच घ्यावे, आणि पहिलीच्या मुलाचा हात वरपर्यंत पोहोचत नसल्याने कोटेशनमध्ये उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड आवर्जून मागावा.