हेल-बॉप परत कधी येणार?

1997 च्या मार्च-एप्रिलमध्ये दिवेलागणीनंतर वायव्येला दिसणारा हेल-बॉप हा धूमकेतू, म्हणजे शेंडेनक्षत्र, ज्यांनी पाहिला, त्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास यायचा: हा आता परत कधी? उत्तर शोधायला गेलात तर कुठे 2400 वर्षं छापलेली दिसतात, कुठे 2530, आणि कुठे 4200. हे आकडे इतके वेगळे का, हे कळलं की दीर्घ मुदतीच्या धूमकेतूंचं सगळं गणितच उलगडतं.

कक्षा ठरवायला सुरुवातीला हाती असते ती फक्त दिशा. अमुक रात्री अमुक वाजता तो कोणत्या ताऱ्यांच्या मधे होता, एवढंच फोटोवरून मोजता येतं, अंतर नाही. अशा तीन रात्रींच्या दिशा मिळाल्या की कक्षा मांडता येते, पण ती कच्ची. अॅलन हेल आणि थॉमस बॉप यांनी 23 जुलै 1995 च्या रात्री, एकमेकांना पत्ता नसताना, धनु राशीतल्या एम70 तारकागुच्छाशेजारी तो पाहिला, तेव्हा तो गुरूच्याही पलीकडे होता आणि अगदी संथ सरकत होता. मग ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंग वेधशाळेच्या एप्रिल 1993 च्या फोटोत रॉबर्ट मॅकनॉट यांना त्याचाच पुसट ठिपका सापडला. त्या एका ठिपक्याने निरीक्षणांचा पल्ला दोन वर्षांनी मागे गेला आणि कक्षेला खरी पकड आली.

इतकी पकड कशाला लागते, ते साध्या हिशेबात दिसतं. 1 एप्रिल 1997 ला हेल-बॉप सूर्याच्या सर्वांत जवळ, पृथ्वी-सूर्य अंतराच्या 0.914 पट अंतरावर होता. तिथे सूर्याच्या तावडीतून कायमचं सुटायला सेकंदाला सुमारे 44.06 किलोमीटर वेग लागतो. 2400 वर्षांनी परतणाऱ्या धूमकेतूचा वेग त्यापेक्षा जेमतेम 56 मीटरने कमी असतो. 4200 वर्षांनी परतणाऱ्याचा 39 मीटरने. म्हणजे अठराशे वर्षांचा फरक सेकंदाला सतरा मीटरमध्ये मावतो, हायवेवरच्या एसटीच्या वेगात! एका मीटरची चूक झाली की परतीची तारीख साठ-पासष्ट वर्षांनी हलते. 2400 आणि 2530 या दोन आकड्यांमधलं अंतरही असंच, दोन मीटरचं.

आता अडचण अशी की सूर्य स्वतःच जागेवर नसतो. एकट्या गुरूच्या ओढीमुळे तो सेकंदाला बारा-तेरा मीटर वेगाने सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे सूर्य आणि सगळे ग्रह मिळून जिथे तोल साधतात त्या बिंदूभोवती, झोकांड्या खातो. सूर्य स्थिर धरून, धूमकेतू जवळ असताना काढलेली कक्षा त्या क्षणापुरती बरोबर असते, पण तिच्यावरून परतीचं साल सांगणं चुकीचं. म्हणून संगणकावर प्रत्येक ग्रहाची ओढ धरून धूमकेतूला टप्प्याटप्प्याने मागे न्यायचं, पार ग्रहांच्या पलीकडे, आणि तिथे गुरुत्वमध्याच्या हिशेबाने कक्षा मोजायची. ही त्याची मूळ कक्षा. तसंच पुढे नेलं की भावी कक्षा. या दोन्ही एकसारख्या निघतीलच असं नाही.

हेल-बॉपच्या बाबतीत मधे गुरू आला. एप्रिल 1996 मध्ये आत येताना तो गुरूपासून साडेअकरा कोटी किलोमीटरवरून गेला. ऐकायला लांब वाटतं, पण गुरूला तेवढं पुरलं. 4200 वर्षं ही त्याआधीची, मूळ कक्षेची मुदत. भावी मुदत घटून 2400 वर्षांच्या आसपास आली. 1980 मध्ये बोवेलच्या धूमकेतूचं उलट झालं. गुरूने त्याला असा हिसका दिला की तो सूर्यमालेबाहेरच निघाला, कधीही न परतण्यासाठी.

याशिवाय धूमकेतू स्वतःही थोडा ढकलला जातो. उन्हाने बर्फाची वाफ होऊन फवारे सुटतात आणि त्यांचा धक्का उलट बाजूला बसतो. हेल-बॉपचा गाभा अनेक किलोमीटर रुंद आणि जड, म्हणून त्याला हा धक्का कमी जाणवतो. लहान धूमकेतूंचा हिशेब मात्र यानेच बिघडतो.

या मागे नेण्याच्या गणिताची मला सर्वांत मोलाची वाटणारी कमाई 1950 ची आहे. डच खगोलशास्त्रज्ञ यान ऊर्ट यांनी 19 धूमकेतूंच्या मूळ कक्षा पाहिल्या, तेव्हा त्यांतले बरेचसे एकाच अतिदूरच्या पट्ट्यातून आलेले दिसले. त्यालाच आज आपण ऊर्टचा मेघ म्हणतो. तो आजवर कोणी पाहिलेला नाही. तो असल्याचं या आकड्यांतूनच कळलं.

मागे किती जाता येतं? हेल-बॉप याआधी इसवी सनपूर्व 2215 च्या जुलैमध्ये सूर्यापाशी आला होता. तेव्हा धोलावीरा, मोहेंजोदडो नांदती होती. त्याही फेरीत तो गुरूच्या अगदी जवळून गेला असावा, आणि सूर्याजवळची ती त्याची पहिलीच फेरी असू शकेल, असं धूमकेतूंच्या कक्षा मोजणारे खगोलशास्त्रज्ञ ब्रायन मार्सडेन यांनी सुचवलं होतं. त्याच्याही आधीचं काही ठामपणे सांगता येत नाही, आणि याचं कारण त्याच्या कक्षेच्या ठेवणीतच आहे. ती ग्रहांच्या पातळीला जवळजवळ काटकोनात उभी आहे. आत येताना ती पातळी तो नेमकी गुरूच्या कक्षेपाशी ओलांडतो. गुरूला एका फेरीला सुमारे बारा वर्षं लागतात, म्हणजे तारीख सहा वर्षांनी चुकली तर गुरू थेट सूर्याच्या दुसऱ्या बाजूला. सध्याच्या हिशेबाप्रमाणे तो सन 4385 च्या सुमारास परतेल. त्याच्या साधारण वर्षभर आधी तो पुन्हा गुरूच्या वाटेवरून जाईल, आणि त्यानंतरची मुदत किती हे तेव्हा गुरू त्या वाटेवर कुठे आहे यावर ठरेल.