सायकॅडचे परागण आणि बीजांकुरण

सायकॅड ही फुले न येणाऱ्या, उघड्या बियांच्या वनस्पतींची फार जुनी शाखा. तिचे जीवाश्म सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. आज हयात असलेल्या जाती ३५०हून थोड्या अधिक आहेत, आणि त्यांतल्या साठ टक्क्यांहून जास्त जाती धोक्यात आहेत. वनस्पतींच्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या गटाची अवस्था इतकी बिकट नाही. बंगल्यांच्या दारात कुंडीत दिसणारा ‘सायकस पाम’ हा याच कुळातला, मूळचा दक्षिण जपानचा. ताडा-माडांशी त्याचे काहीही नाते नाही. पश्चिम घाटाचा स्वतःचा सायकस म्हणजे सायकस सर्सिनॅलिस. मलबारात त्याला ईन्त म्हणतात, आणि त्याच्या विषारी बिया धुऊन, वाळवून तिथे पीठ करतात. आंध्रात तिरुपतीच्या परिसरातल्या डोंगरांवर सायकस बेडोमी वाढतो. या दोन्ही जाती संकटग्रस्त आहेत.

सायकॅडमध्ये नर आणि मादी ही झाडेच वेगळी असतात. एका झाडावर दोन्ही कधी येत नाहीत. नराला परागकणांचा शंकू येतो. मादीलाही बहुतेक प्रजातींत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) शंकूच येतो, पण सायकस प्रजातीत शेंड्याशी लवदार, पानासारखे अवयव उमलतात आणि त्यांच्या कडांना बीजके, म्हणजे पुढे ज्यांची बी होते ते भाग, लागतात. बिया धरायच्या तर नर आणि मादी एकाच हंगामात, एकमेकांच्या आवाक्यात, एकाच वेळी तयार असायला हव्यात. जंगलात झाडे भरपूर होती तेव्हा हे आपसूक जुळत असे. झाडे विरळ झाली की इथेच गाडी अडते. नुकसान चटकन कळतही नाही, कारण अनेक सायकॅडांची बी परागण न होताही पूर्ण आकाराची होते, रंग धरते आणि गळून पडते. झाडाखाली नारिंगी बियांचा सडा दिसतो आणि आत गर्भच नसतो.

परागकण वाऱ्याने जातात असे बराच काळ मानले जाई. १९८०च्या दशकात अमेरिकेत झामिया प्रजातीवर बारकाईने प्रयोग झाले आणि परागण सोंडेकिडे करतात हे सिद्ध झाले. हे किडे नर शंकूत अंडी घालतात, तिथेच वाढतात आणि अंगाला पराग माखून बाहेर पडतात. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्रोझामिया ल्युसिडा या जातीत हे काम फुलकिडे करतात. कापसा-मिरचीवरच्या फुलकिड्यांना आपला शेतकरी शिव्या घालतो, पण हे त्यांचे दूरचे भाऊबंद त्या झाडाचा वंश चालवतात. दुपारी नर शंकू आतून तापतो, भोवतालच्या हवेपेक्षा १२ अंशांपर्यंत. वास इतका उग्र होतो की फुलकिडे घाबरून बाहेर पडतात. मादी शंकूचा वास त्याच प्रकारचा, पण सौम्य असतो, म्हणून त्यातले काही तिकडे वळतात. मादीकडे खायला काहीच नसते. किडे फसतात आणि परागण होते. वनस्पतिशास्त्रातली इतकी सुंदर गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

सायकस प्रजातीत वाऱ्याचाही थोडा वाटा आहे. पण जपानच्या योनागुनी बेटावर सायकस रिव्होल्युटाची पाहणी झाली तेव्हा नरापासून साधारण २ मीटरपलीकडे वाऱ्याचा उपयोग जवळजवळ संपतो, पुढचे काम किड्यांनाच करावे लागते, असे आढळले.

परागकण बीजकात पोचल्यावरही घाई नसते. परागकणातून निघालेली नळी, म्हणजे परागनलिका, आतल्या ऊतीत मुळासारखी रुतून पोषण घेत राहते, आणि प्रत्यक्ष फलन कित्येक महिन्यांनी होते. तेव्हा नलिका फुटते आणि पोहणारे शुक्राणू बाहेर येतात. हजारो कशाभिका (पोहण्यासाठीचे बारीक केसांसारखे धागे) असलेले हे शुक्राणू वनस्पतिसृष्टीत सर्वांत मोठे आहेत. काही जातींत ते नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखे दिसतात. सायकसमधले असे शुक्राणू जपानच्या इकेनो यांनी १८९६मध्ये शोधले.

किडा नाहीसा झाला किंवा झाडे फार दूर पडली तर माणसाला मधे पडावे लागते. दक्षिण आफ्रिकेतल्या एन्सेफालार्टोस लॅटिफ्रॉन्सची रानातली झाडे इतकी विखुरली आहेत की किर्स्टनबॉश उद्यानात हाताने परागण करून बी धरवावी लागते. पिकलेला नर शंकू कागदावर ठेवून पराग झाडून घेतात, कोरडा करून गोठवून ठेवतात आणि मादी शंकूच्या खवल्यांत फटी पडल्या की फुंकून किंवा पाण्यात कालवून पिचकारीने आत सोडतात. फटी थोडेच दिवस उघड्या असतात. एन्सेफालार्टोस वुडीला मात्र हा उपायही नाही. १८९५मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच ओंगोये जंगलात त्याचा एकच झुपका सापडला, तोही नराचा. आज जगभरच्या उद्यानांत असलेली त्याची सगळी झाडे त्याच झुपक्याच्या फुटव्यांपासून झालेली आहेत.

बी गळते तेव्हा आतला गर्भ बहुधा अपुरा असतो. गळल्यानंतर काही महिने तो आत वाढत राहतो, म्हणून ताजी बी लगेच पेरून उगवली नाही तर ती फेकून देऊ नये. उलट, ती धान्यासारखी वाळवून वर्षानुवर्षे साठवताही येत नाही, सुकली की मरते. त्यामुळे सायकॅडची बियाणे-पेढी करणे अवघड आहे. बाहेरचा मांसल थर अंकुरणाला आडवा येतो. बी काही दिवस पाण्यात भिजवून तो खरवडून काढतात. त्यात विष असल्याने हातमोजे घालावेत. मग बी आडवी, अर्धी वर राहील अशी, वाळू-कोकोपीटच्या पाणी न साचणाऱ्या मिश्रणात ठेवतात आणि उबेत, २७ ते ३० अंशांच्या आसपास, ओलसर राखतात. पूर्ण पुरलेली बी कुजण्याचा धोका जास्त.

टणक कवच एका टोकाला तडकते. तिथून जाड, पांढरट मूळ बाहेर येते आणि वळून खाली शिरते. दोन्ही बीजपत्रे बीमध्येच राहून आतला पिठूळ साठा रोपाला पुरवत असतात. पहिले पान बऱ्याच उशिरा येते. सायकसच्या कोवळ्या पर्णिका घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात. पुढे पोवळ्यासारखी गाठाळ मुळे फुटतात आणि खाली न जाता मातीच्या पृष्ठभागाकडे वाढतात. त्यांत नीलहरित जिवाणू राहतात व हवेतला नायट्रोजन रोपाला देतात.

रोप नर की मादी हे शंकू येईपर्यंत बाहेरून कळत नाही, आणि त्याला दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून रानात पुन्हा लावताना रोपे एकेकटी लावण्यात अर्थ नाही. ती घोळक्याने आणि जवळजवळ लावावी लागतात.