आयात मसाले : युरोपीय संघातील अन्नसुरक्षा नियंत्रण

बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मिरची, हळद, मिरी, सुंठ, जायफळ अशा सुक्या मसाल्यांसाठी युरोपीय संघाने सरहद्दीवर उभी केलेली तपासणीव्यवस्था. भारत हा मसाल्यांचा मोठा निर्यातदार असल्याने तिथल्या नियमांचा परिणाम इथल्या शेतापर्यंत पोहोचतो.

या व्यवस्थेला धार आली ती सूदान रंगाच्या प्रकरणामुळे. मे 2003 मध्ये फ्रान्सला भारतातून आलेल्या तिखटात ‘सूदान-1’ सापडला. हा मेण व बुटांच्या पॉलिशमध्ये वापरला जाणारा कृत्रिम रंग. फिके पडलेले तिखट लालभडक दिसावे म्हणून तो मिसळला जाई. जून 2003 पासून प्रयोगशाळेचा अहवाल सोबत असल्याशिवाय सुकी मिरची आत घेणे बंद झाले. तरीही फेब्रुवारी 2005 मध्ये ब्रिटनला 400 हून अधिक खाद्यपदार्थ बाजारातून मागे घ्यावे लागले. एका वूस्टर सॉसमध्ये पडलेले तिखट नियम येण्याआधीच देशात पोहोचले होते आणि तो सॉस कितीतरी तयार पदार्थांत गेला होता. मसाला चिमूटभर लागतो, म्हणूनच त्यातला दोष फार दूरवर पसरतो.

भेसळ हेतुपूर्वक होते; अफ्लाटॉक्सिनचे तसे नाही. मिरची नीट वाळली नाही, रात्री दव पडले, पोत्यांना ओल लागली, की ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि हे विष तयार करते. मर्यादा किलोमागे त्याच्या बी-1 या प्रकारासाठी 5 व सर्व प्रकार मिळून 10 मायक्रोग्रॅम. विष खेपेत सारखे पसरलेले नसते. एक पोते स्वच्छ, शेजारचे दूषित. म्हणून मोठ्या खेपेत 100 ठिकाणांहून नमुने घेऊन ते एकत्र दळावे लागतात. इतके करूनही एखादी खेप निसटू शकते. बंदरावरची तपासणी दोष पकडते. तो टाळता येतो तो वाळवणाच्या जागीच. शेतकऱ्याला ताडपत्री, पक्का ओटा आणि कोरडे गोदाम मिळवून देण्यावर खर्च व्हायला हवा तो याचसाठी.

2019 च्या 1793 क्रमांकाच्या नियमावलीत देश व पदार्थांच्या जोड्यांची यादी आहे. कोणत्या मालाच्या किती टक्के खेपा तपासायच्या, कोणाला प्रमाणपत्र सक्तीचे, हे त्यात ठरते. यादीचा फेरविचार किमान दर सहा महिन्यांनी होतो.

जंतू मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइडवर मात्र जगात एकमत नाही. युरोपात या वायूने धुरी देण्यास बंदी असून मसाल्यांत किलोमागे 0.1 मिलिग्रॅमपर्यंतच अंश चालतो, आणि त्या मोजणीत त्यापासून बनणारे क्लोरोइथेनॉलही धरतात. अमेरिकेत त्याच वायूला 7 मिलिग्रॅमची मुभा आहे. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग व सिंगापूरने भारतीय मसाल्यांवर कारवाई केली, ती याच वायूवरून. वाफेने निर्जंतुकीकरण हा पर्याय आहे, पण यंत्रणा महाग पडते आणि वाफ जास्त झाली तर मसाल्याचे सुगंधी तेल थोडे उडून जाते.