आधी लिहू द्या, वेलांटी नंतर

पाचवीतलं मूल निबंधाची वही उघडतं. विषय पावसाचा. गळणारं छप्पर, भिजलेलं दप्तर, आजीने चुलीपाशी वाळत घातलेले कपडे, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आहे. पेन अडतं ते 'भिजून'पाशी. पहिली वेलांटी की दुसरी? ते ठरेपर्यंत पुढचं वाक्य निसटलेलं असतं.

याला आळस म्हणू नये. एखादी गोष्ट डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेला कार्यस्मृती म्हणतात, आणि ती फार तोकडी असते. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मांडलेला अंदाज असा, की मोठ्या माणसालाही तिथे एका वेळी चारेक गोष्टीच धरता येतात. त्यातल्या दोन अक्षर वळवण्यात आणि वेलांटीत गेल्या, तर विचाराला उरतं काय?

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लोकांना लिहिता लिहिता मनातलं मोठ्याने बोलायला सांगितलं. ठरवणं, शब्दांत उतरवणं, तपासणं ही कामं एकामागून एक होत नाहीत. लिहिणारा त्यांच्यात सारखी ये-जा करतो, असं त्यांना दिसलं. सराईत हाताला ती ये-जा झेपते. मुलाला जड जाते. म्हणून मुलांसाठी ही कामं मुद्दाम वेगळी करावीत, असं मला मनापासून वाटतं. कच्च्या वहीत भराभर लिहू द्यावं, खाडाखोडीसकट. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, तेही दोन-तीन चुकांपुरतं. पान लालेलाल झालं की मूल फक्त खात्रीचे शब्द वापरायला शिकतं, आणि चुलीपाशी वाळणारे कपडे निबंधात येतच नाहीत.

राहिली रोज लिहिण्याची सवय. ती २१ दिवसांत लागते हा समज पक्का बसलाय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या नव्या सवयी पाहिल्या. कृती आपसूक व्हायला, लवकर ते उशिरा अशा रांगेतल्या मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. अभ्यास लेखनाचा नव्हता, पण ठरलेल्या खुणेला कृती जोडण्याची त्यातली युक्ती शाळेत सहज जमेल: परिपाठ संपला की पाच ओळी. वाटेत काय दिसलं, एवढंच. गुण नाहीत.

जूनमध्ये सुरुवात केली, तर काहींचा हात गणपतीच्या आधीच आपसूक वहीकडे वळू लागेल. काहींना फेब्रुवारी उजाडेल. त्यांच्याही पाच ओळी तोवर रोज वाचायला हव्यात.