ब्लॉक हीटर: रात्रभर की तीन तास?

उणे 30 अंशांत इंजिन का फिरत नाही, हे कॅनडाच्या प्रेअरी भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तिथे गाडीला ब्लॉक हीटर असतो: इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचे ओतीव धड, सुरू करण्याआधी विजेने गरम करणारे, आउटलेटला प्लग लावायचे साधन. एकेकाळी लोक रात्री रेडिएटरचे पाणी काढून ठेवत, तेल चुलीवर तापवून सकाळी परत ओतत. अँटिफ्रीझ आल्यावर पाण्याची कटकट मिटली, घट्ट झालेल्या तेलाची उरली. 1949 मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटातल्या एकाला हेडबोल्ट हीटरचे पेटंट मिळाले. सिलिंडर हेडचा एक बोल्ट काढून तिथे आतून तापणारा पोकळ बोल्ट बसवायचा, अशी ती युक्ती होती. ठरावीक टॉर्कने आवळायच्या बोल्टशी असा खेळ म्हणजे विकतचे दुखणेच. पुढे, ब्लॉक ओतल्यावर आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोके कामी आली. त्यांवरचे धातूचे झाकण, म्हणजे फ्रॉस्ट प्लग, काढून कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) बुडणारा एलिमेंट, म्हणजे तापणारी कांडी, बसवण्याची पद्धत आजही सर्रास चालते.

वाद आहे तो हीटर किती वेळ लावायचा याचा. कॅनडा सरकारचा सल्ला सुरू करण्याआधी दोन तासांचा. कडाक्याच्या थंडीत तीन-चार धरा. कूलंट तेवढ्यात तापायचे तेवढे तापते, पुढची वीज हवेत जाणारी उष्णता भरून काढण्यात जाते. 400 वॅटचा हीटर दहा तास चालला तर 4 युनिट, टायमरवर तीन तास चालला तर 1.2. तरीही रात्रभर लावणारे कमी नाहीत. 'टायमर बंद पडला तर?' हा त्यांचा प्रश्न अगदीच पोकळ नाही, पण त्यावर उपाय चांगला आउटडोअर टायमर हाच.

मोठ्या पार्किंगमध्ये हा निर्णय गाडीवाल्याच्या हातात नसतोच. शंभर गाड्या गुणिले 400 वॅट म्हणजे 40 किलोवॅट, म्हणून अनेक ठिकाणी गाड्यांसमोरच्या आउटलेटच्या खांबांना वीज आलटून पालटून देतात. भाडेकरू याला कंजूषपणा म्हणतात; थंड इंजिनासाठी मात्र एवढी वीज बहुधा पुरते. गाडीच्या आतले हीटर अशा खांबांवर लावायला बंदी असते, ती लोडमुळेच. वीज बंद असण्याच्या पाळीत नवखा माणूस टेस्टर लावतो, दिवा लागत नाही आणि आउटलेट मेले असे ठरवतो. अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे.

दुसरा गोंधळ थर्मोस्टॅटवाल्या, म्हणजे तापमान पाहून आपोआप चालू-बंद होणाऱ्या कॉर्डचा. काही कॉर्ड उणे 18 च्या आसपासच चालू होतात. उबदार गॅरेजमध्ये मोजल्या तर सर्किट तुटलेले दिसते आणि चांगला हीटर बदलला जातो. म्हणून आधी कॉर्ड हीटरपासून सोडवून थेट हीटरच्या पिनांवर ओहम मोजावेत. 120 व्होल्टवर 400 वॅटला सुमारे 36 ओहम, 1000 वॅटला 14.4. पिनांवर आकडा बरोबर आला, प्लगवर नाही, तर दोष कॉर्डचा किंवा तिच्या थर्मोस्टॅटचा. पिन आणि ब्लॉक यांच्यामध्ये मात्र मीटरने जोडणी दाखवता कामा नये. दाखवली तर जीएफसीआय (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे सुरक्षा-उपकरण) ट्रिप होणारच, हीटर बदला.

एलिमेंट जळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कूलंट बदलल्यावर आत अडकलेली हवा. कोरडा एलिमेंट काही सेकंदांत जातो, म्हणून इंजिन चालवून हवा काढल्याशिवाय प्लग लावू नये. कॉर्डचे जोड रस्त्यावरच्या मिठाने गंजतात, मग तापून वितळतात. यावरून गाड्या परत मागवल्याही गेल्या आहेत. हिरवट पिन दिसल्या की घासत बसू नका, कॉर्ड बदला आणि नव्या जोडात डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल दूर ठेवणारे, वीज न वाहणारे ग्रीस) भरा. एक्स्टेन्शन कॉर्ड 14 गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप), थंडीत न तडकणारी आणि शक्य तितकी आखूड घ्या.