अमेरिकन कॉलेजात पुरुष सॉकर संघाचा हेड कोच: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कसा होतो

पुण्याहून, कोल्हापुरातून, गोव्यातून एक प्रश्न हमखास येतो. ‘एएफसीचं (आशियाई फुटबॉल महासंघाचं) बी कोचिंग लायसन्स झालंय, आता अमेरिकेतल्या कॉलेजात हेड कोच म्हणून अर्ज करता येईल का?’ करता येईल. पण त्या अर्जात लायसन्सचं वजन आपल्याला वाटतं तेवढं नसतं. कॉलेज खेळांचा कारभार बघणारी एनसीएए ही संस्था कोचकडे अमुक लायसन्स असलंच पाहिजे अशी अट घालत नाही. पात्रता ठरवतं ते नोकरी देणारं कॉलेज. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: पदवी, कॉलेजच्याच संघाबरोबर काम केल्याचा अनुभव, आणि खेळाडू गोळा करून आणायची हातोटी. बाकी सगळं त्यानंतर.

आधी नावाचा घोळ मिटवू. तिकडे फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला खेळ, आपला फुटबॉल म्हणजे सॉकर. जाहिरात शोधताना ‘मेन्स सॉकर’ असंच शोधा, नाहीतर भलत्याच पोस्टला अर्ज जाईल.

कुठल्या पायरीवर अर्ज करायचा

एनसीएएचे तीन विभाग आहेत. डिव्हिजन वनमध्ये पुरुष सॉकरचे दोनशेच्या थोडे वर संघ आहेत, डिव्हिजन थ्रीमध्ये चारशेच्या वर. शिवाय एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची एनजेसीएए. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. डिव्हिजन टूमध्ये पुरुष सॉकरला जास्तीत जास्त ९ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम देता येते आणि ती कोच पंचवीस-तीस पोरांत वाटतो. डिव्हिजन वनमध्ये २०२४-२५ पर्यंत हाच आकडा ९.९ होता. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ज्या कॉलेजांनी ती स्वीकारली तिथे शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू अशी मर्यादा आली. मुलाखतीत यावर प्रश्न हमखास येतो. आपण ज्या कॉलेजात अर्ज करतोय ते कुठल्या खान्यात बसतं, हे माहीत नसेल तर पुढचं बोलणं खुंटतं.

पहिल्याच फटक्यात डिव्हिजन वनचं हेड कोचपद बाहेरच्या माणसाला मिळत नाही. क्रिस ग्रासी या इंग्रज कोचचं उदाहरण घ्या. तो वेस्ट व्हर्जिनियातल्या एका लहान कॉलेजात खेळायला आला, तिथून कोचिंगकडे वळला, युनिव्हर्सिटी ऑफ चार्ल्सटन या डिव्हिजन टू संघाचा हेड कोच झाला आणि २०१७ मध्ये मार्शल युनिव्हर्सिटीत गेला. मे २०२१ मध्ये मार्शलने अंतिम सामन्यात इंडियानाला १-० हरवून डिव्हिजन वनचं विजेतेपद घेतलं. परदेशी माणसाची वाट साधारण अशीच असते: आधी विद्यार्थी, मग मदतनीस, मग लहान कॉलेज.

शिक्षणाची अट

जाहिरातीत ‘बॅचलर्स आवश्यक, मास्टर्सला प्राधान्य’ हे वाक्य जवळजवळ ठरलेलं. विषय कुठलाही चालतो. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला तीन विजेतेपदं मिळवून देणारा कोच सिगी श्मिड पेशाने अकाउंटंट होता. आपल्याकडच्या लोकांची अडचण वेगळीच आहे. आपली बीए-बीकॉम तीन वर्षांची, त्यांची बॅचलर्स चार वर्षांची. म्हणून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि तीन वर्षांची पदवी पुष्कळदा चार वर्षांच्या बरोबरीची धरली जात नाही. एमए किंवा बीपीएड जोडीला असेल तर बाजू सावरते. मूल्यांकनासाठी विद्यापीठाकडून सीलबंद किंवा थेट पाठवलेली गुणपत्रकं लागतात. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा विभागाचा वेग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे हे काम जाहिरात यायच्या कितीतरी आधी सुरू करा.

माझ्या मते आपल्याकडच्या मुलासाठी सगळ्यात सरळ दरवाजा म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट. तिकडे मास्टर्सला प्रवेश घ्यायचा आणि शिकता शिकता संघाबरोबर काम करायचं. बदल्यात फी पूर्ण किंवा काही प्रमाणात माफ होते आणि वर थोडा भत्ता मिळतो. काम काय? चेंडूंच्या पिशव्या, व्हिडिओ कापणं, बसचं वेळापत्रक, पहाटेचा वॉर्मअप. पण याच रांगेतून माणसं वर जातात. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा कोच झालेला बॉब ब्रॅडली ओहायो युनिव्हर्सिटीत स्पोर्ट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं मास्टर्स करत असतानाच, बाविसाव्या वर्षी, तिथल्या संघाचा हेड कोच झाला. नंतर तो व्हर्जिनिया विद्यापीठात हेड कोच ब्रूस अरीनाच्या हाताखाली असिस्टंट होता आणि १९८४ पासून प्रिन्स्टनमध्ये हेड कोच. हेडचा असिस्टंट होणं याला तिकडे कुणी घसरण म्हणत नाही. खुद्द अरीना १९७८ मध्ये व्हर्जिनियात आला तेव्हा सॉकरचा हेड कोच आणि लॅक्रोसचा (जाळीच्या काठीने खेळायचा खेळ) असिस्टंट अशा दोन्ही टोप्या त्याच्या डोक्यावर होत्या. लहान कॉलेजात आजही एका पगारात दोन कामं असतात. जाहिरातीतलं ‘इतर नेमून दिलेली कामं’ हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका.

लायसन्स कुठे उपयोगी पडतं

अमेरिकन सॉकर फेडरेशनची लायसन्सची शिडी ग्रासरूट्सपासून सुरू होते, मग डी, सी, बी, ए आणि प्रो. युनायटेड सॉकर कोचेस ही १९४१ पासूनची कोच मंडळींची संघटना आपले डिप्लोमा वेगळे देते. आपलं एआयएफएफ (भारतीय फुटबॉल महासंघ)-एएफसीचं लायसन्स असेल तर बायोडेटात नुसतं ‘बी लायसन्स’ लिहून भागत नाही. कोर्स किती दिवसांचा होता, मूल्यमापन कसं झालं, त्याच्या वर किती पायऱ्या उरल्या, हे दोन ओळींत लिहा. कॉलेजच्या निवड समितीत सॉकरचा माणूस एखादाच असतो, बाकीचे वसतिगृह, प्रवेश विभाग, प्राध्यापक.

फाइलमध्ये काय काय हवं

जागा निघतात त्या मुख्यतः हंगाम संपल्यावर. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, डिसेंबरात अंतिम फेरी होते आणि नोव्हेंबरपासूनच कोचांची हलवाहलव सुरू होते. जानेवारीत युनायटेड सॉकर कोचेसचं अधिवेशन भरतं, तिथल्या कॉफीच्या रांगेत अर्ध्या नोकऱ्यांची बोलणी होतात असं कोच मंडळी गमतीने म्हणतात. तरी अर्ज कॉलेजच्या एचआर पोर्टलवरूनच भरावा लागतो. ओळखीने मेल पाठवला आणि पोर्टल भरलं नाही, तर कागदोपत्री तुम्ही उमेदवारच नसता.

कव्हर लेटर, बायोडेटा, तीन ते पाच संदर्भदात्यांची नावं आणि गुणपत्रकं हे नेहमीचं. अनेक ठिकाणी कोचिंगविषयीचा दृष्टिकोन एक-दोन पानांत मागतात. प्रथमोपचार, सीपीआर (छाती दाबून जीव वाचवायची पद्धत) आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) यांचं चालू प्रमाणपत्र लागतं किंवा रुजू झाल्यावर ठरावीक दिवसांत काढावं लागतं. पार्श्वभूमी तपासणीला संमती द्यावी लागते. आणि वाहन परवाना! हा कागद आपल्या लोकांच्या ध्यानातच येत नाही. लहान कॉलेजात संघाची व्हॅन कोचच चालवतो, म्हणून वैध अमेरिकन परवाना आणि स्वच्छ ड्रायव्हिंग रेकॉर्ड ही चक्क पात्रतेची अट असते. ओळखीतला नाशिकचा एक मुलगा सगळ्यात पुढे होता, दोन मुलाखती झाल्या होत्या. त्याच्याकडे परवाना नव्हता. टेस्टची तारीख मिळेपर्यंत त्यांनी दुसऱ्याला घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ घालावा असा कागद म्हणजे रिक्रूटिंग प्लॅन. मागितला नसला तरी जोडा. कुठल्या राज्यातून, कुठल्या क्लबांतून, कुठल्या देशांतून खेळाडू आणणार, कॉलेजची फी किती, खेळाची शिष्यवृत्ती संपल्यावर अभ्यासावरची मदत कशी जोडणार, हे आकड्यांसकट. डिव्हिजन थ्रीत तर कोच म्हणजे निम्मा प्रवेश विभागाचाच माणूस. नियमही दिसू द्या. उदाहरणार्थ, डिव्हिजन वनमध्ये मुलाचं सोफोमोर वर्ष, म्हणजे आपली दहावी, संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत त्याला रिक्रूटिंगचा फोन किंवा मेसेज करता येत नाही. हंगामात सराव आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन तासांचं आपल्याकडचं शिबिरी वेळापत्रक प्लॅनमध्ये टाकलंत तर समितीतला कम्प्लायन्स अधिकारी, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारा, पहिल्या पानावरच थबकेल.

व्हिसाचे दोन प्रश्न

पोर्टलवर शेवटाकडे दोन प्रश्न येतात: अमेरिकेत काम करायची कायदेशीर परवानगी आहे का, आणि आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का. दुसऱ्याला ‘हो’ म्हटलं की अनेक लहान कॉलेजांत अर्ज तिथेच बाजूला पडतो. तरीही खरंच लिहा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्याला पदवीनंतर १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे काम करायची तात्पुरती परवानगी मिळते, पण काम शिकलेल्या विषयाशी जोडलेलं असावं लागतं. म्हणून स्पोर्ट मॅनेजमेंट किंवा कोचिंग एज्युकेशन असा विषय घेतलेला बरा. पुढे एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. यात विद्यापीठांना एक मोठी सवलत आहे: त्यांना वार्षिक कोट्याची आणि लॉटरीची अट नाही, अर्ज वर्षभर करता येतो. कॉलेज आधी श्रम खात्याकडे एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज) भरतं, मग व्हिसासाठीचा फॉर्म आय-१२९. खरी मेख पुढे आहे. या नोकरीला विशिष्ट विषयातली पदवी लागतेच, हे सिद्ध करावं लागतं आणि कोचच्या बाबतीत ते अवघड जातं, कारण जाहिरातीत स्वतः कॉलेजनेच ‘कुठलीही पदवी’ लिहिलेलं असतं. त्यात सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलरचं शुल्क लावलं. महाराष्ट्रात बसून थेट अर्ज करणाऱ्यासाठी लहान कॉलेज एवढे पैसे भरेल, हे विसरा. तिकडे शिकून, तिथेच राहून व्हिसाचं स्टेटस बदलणाऱ्याचं गणित वेगळं. नामांकित कारकीर्द असलेल्यांसाठी ओ-१ए हा व्हिसा आहे, पण त्याला पुराव्यांचं बाड लागतं.

मुलाखत आणि रुजू होणं

आधी झूमवर अर्धा तास, मग दोन-तीन जणांना कॅम्पसवर बोलावतात. तिथे पूर्ण दिवस जातो: अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (कॉलेजच्या खेळ विभागाचा प्रमुख), कम्प्लायन्स, प्रवेश विभाग, इतर खेळांचे कोच आणि वीस मिनिटं फक्त खेळाडूंबरोबर. या वीस मिनिटांना कमी लेखू नका, नंतर त्या पोरांचं मत विचारलं जातं. पगार विचारायला संकोच वाटत असेल तर सरकारी विद्यापीठांचे पगार सार्वजनिक असतात, आधीच्या कोचचा आकडा बघून जा.

करारात मुदत, बोनसच्या अटी आणि मध्येच सोडल्यास भरपाई, ही तीन कलमं नीट वाचा. चौथं कलम जबाबदारीचं: असिस्टंटने नियम मोडला तरी एनसीएए हेड कोचला धरते, ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही. रुजू झाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत काम करायची परवानगी तपासणाऱ्या आय-९ फॉर्मसाठी मूळ कागद दाखवायचे असतात. डिव्हिजन वनमध्ये कॅम्पसबाहेर जाऊन खेळाडू बघायचा तर रिक्रूटिंगच्या नियमांची परीक्षा आधी पास व्हावी लागते, तीही दरवर्षी. ती होईपर्यंत शनिवारच्या क्लब सामन्याला असिस्टंटला पाठवा आणि आपण ऑफिसात बसून आधीच्या कोचने सोडलेली खेळाडूंची यादी वाचून काढा.