मानसशास्त्रज्ञ व्हायचंय? खान्देशातल्या मुलांसाठी प्रवेश, कागदपत्रं आणि आरसीआय नोंदणी

दरवर्षी जूनमध्ये कोणीतरी फाइल घेऊन माझ्याकडे येतं. गेल्या वर्षी आलेली मुलगी शहाद्याकडची होती. फाइलमध्ये बी.ए.ची गुणपत्रिका आणि तिच्यामागे एका खाजगी संस्थेचं सहा महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र. त्यावर सोनेरी अक्षरांत 'सर्टिफाइड सायकॉलॉजिस्ट' छापलेलं. फीची पावती तीस हजारांची, वडिलांनी कापूस विकून भरलेली. "मॅडम, आता दवाखाना टाकता येईल ना?" तिला 'नाही' म्हणताना मला फार जड गेलं. म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहिते आहे. फी भरण्याआधी फक्त एवढं विचारा: हा कोर्स झाल्यावर माझं नाव कोणत्या सरकारी रजिस्टरला लागेल?

आधी नावांचा घोळ सोडवू. सायकिअॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हा एमबीबीएसनंतर एमडी केलेला डॉक्टर. औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. मानसिक चाचण्या आणि मानसोपचार हे त्याचं काम. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये होते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली. कोणाला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणायचं याची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दिली आहे. बाकीचे मानसशास्त्रज्ञ २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत येतात. काउन्सेलिंगचा डिप्लोमा शाळेत किंवा संस्थेत काम करताना उपयोगी पडेल, पण त्याने आरसीआयचा नंबर मिळत नाही.

सुरुवात बारावीपासून. मानसशास्त्रातली बी.ए. कुठल्याही शाखेच्या मुलाला करता येते, सायन्सच हवं असं नाही. आपल्या भागात बहुतेक कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. प्रवेशाच्या वेळी खिडकीवर स्पष्ट विचारा की मानसशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून मिळेल का. तालुक्याच्या ठिकाणी कधीकधी तो पहिल्या वर्षाला असतो आणि पुढे नसतो. मग एम.ए.च्या वेळी मूल अडकतं. त्यानंतर मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. करायची.

दूरस्थ शिक्षणाबद्दल हात जोडून सांगते. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मनाई केली आहे. "घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी" अशी जाहिरात आता दिसली तर पैसे भरू नका.

एम.ए. झालं म्हणजे क्लिनिकलचा रस्ता संपला असं नाही. इतकी वर्षं पुढची पायरी होती दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी, तेही दवाखान्यात रुग्णांसोबत देखरेखीखाली काम करत. यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. बंद केलं. या विषयाला मात्र २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत मुदत दिली. ज्यांनी आधीच केलंय त्यांची पदवी वैध आहे. नव्या मुलांसाठी आरसीआयने नवे कोर्स आणले आहेत: चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स क्लिनिकल सायकॉलॉजी, एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी., म्हणजे मानसशास्त्रातली डॉक्टरेट. इथे एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावर सगळं अवलंबून असतं. साधी 'एम.ए. सायकॉलॉजी' वेगळी आणि आरसीआयमान्य 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' वेगळी. पदवीवर 'क्लिनिकल' छापलं म्हणून ती मान्य ठरत नाही. आरसीआय मान्यता विद्यापीठाला सरसकट देत नाही. ती संस्था, कोर्स आणि मुदत पाहून मिळते. परिषदेच्या संकेतस्थळावर ही यादी आहे. तुमचं प्रवेशाचं वर्ष त्या मुदतीत बसतं का ते पाहा आणि त्या पानाची प्रिंट काढून फाइलला लावा. जागा फार थोड्या असतात आणि प्रवेश परीक्षा देऊन त्या मिळवाव्या लागतात. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या, म्हणजे केंद्राच्या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी जायची तयारी ठेवा. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस थेट जाते.

आता कागदपत्रं. आपली मुलं बुद्धीला कमी नाहीत, कागदाला कमी पडतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास, उत्पन्नाचा दाखला ही नेहमीची यादी. खरा वेळ जातो जात वैधतेला. ती बारावीतच काढायला घ्या. जातीचा पुरावा कोणत्या तारखेआधीचा हवा ते प्रवर्गानुसार बदलतं: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यावर आजोबा शाळेतच गेले नसतील, तर त्यांचा दाखला कुठून आणणार? तेव्हा कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद कामी येते. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून तिची नक्कल मागा.

ओबीसी मुलांनी आणखी एक जपावं. केंद्राच्या संस्थेत राज्याचं नॉन-क्रीमीलेयर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, तोही चालू काळासाठी वैध असलेला. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हेही आधी पाहून घ्या. आपलं जळगावचं विद्यापीठ सोडून दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे स्थलांतराचा दाखला लागतो. त्याचा अर्ज निकाल लागल्या लागल्याच करा.

नावाचंही सांभाळा. दहावीवर 'पाटील रूपाली भास्कर', आधारवर 'रूपाली भास्करराव पाटील', लग्नानंतर बँकेत तिसरंच. अशा फाइली मी पाहिल्या आहेत. जमलं तर नोंदणी होईपर्यंत सगळीकडे दहावीचंच नाव चालू द्या. बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून त्याची प्रत जपून ठेवा.

कोर्स पूर्ण झाला की आरसीआयच्या पोर्टलवर केंद्रीय पुनर्वास नोंदवहीसाठी अर्ज करायचा. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, त्या कोर्सच्या सर्व गुणपत्रिका, पदवी, आधार, फोटो, सही आणि ऑनलाइन शुल्क. स्कॅन करताना गुणपत्रिकेची मागची बाजूही घ्या. मिळालेला नोंदणी क्रमांक पाटीवर आणि अहवालावर लिहायचा. नोंदणी नसताना हा व्यवसाय केला तर आरसीआयच्या १९९२ च्या कायद्यातल्या कलम १३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी कायमची नसते. ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात. प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र त्याच फाइलमध्ये टाकत जा.

एवढा खटाटोप कशाला, असं आईवडील विचारतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं आणि जाहिरातीत आरसीआय नोंदणी मागतात. त्याहून मोठं कारण मी अमळनेरच्या एका आजीकडून ऐकलं. पुण्याहून आलेल्या डॉक्टरांपुढे ती गप्प बसली होती. मी अहिराणीत बोलायला लागले तशी म्हणाली, "रातले झोप लागत नही, जीव घाबरस." त्या दिवशी ती तासभर बोलली.

शहाद्याच्या त्या मुलीने यंदा रेग्युलर एम.ए.ला प्रवेश घेतलाय. वैधतेचा अर्जही टाकलाय, आजोबांची कोतवाल बुकातली नक्कल मिळाली आहे.